गाठ साधी, पण पसरते कशी?

पडद्यावर डोक्याचा एमआरआय आहे. कवटीला आतून चिकटलेला हा पांढरा गोळा म्हणजे मेनिंजिओमा. हे नाव न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिलं.

"गाठ साधी आहे, कॅन्सर नाही," असं ऐकलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पडावाच. पण 'साधी' हे पेशींबद्दल झालं. जागेचं काय? कवटी तर ताणली जात नाही.

खरं म्हणजे ही गाठ मेंदूची नव्हेच, त्याच्या आवरणांची. मेंदूला ती बाजूला रेटते, सहसा आत शिरत नाही. पसरते ती ड्युरा या जाड आवरणाला धरून. गोळ्याच्या कडेची ही निमुळती शेपटी पाहा. कधी गोळा होतच नाही, नुसता थर पसरत जातो. हाडात शिरली, तर हाड बहुतेकदा झिजत नाही, उलट जाड होतं. डोळ्यामागचं हाड असं जाड झालं की डोळा पुढे येतो. फुप्फुसापर्यंत पोचणं मात्र फारच दुर्मीळ.

आता रक्ताचं. एक-दोन मिलिमीटरपुढे वाढायला गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकन सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. ऑक्सिजन कमी पडला की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिनीला नवे फाटे फुटतात. हे काही कॅन्सरलाच जमतं असं नाही.

ही अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एक्स-रे, बघा. रक्तात डाय सोडला, तो इथे काळा दिसतो. कानशिलाच्या आतून जाणारी, आवरणाला रक्त देणारी धमनी फुगून जाड झाली आहे. ती गाठीच्या मधोमध शिरते आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक वाहिन्या फुटतात. बाकीचा डाय वाहून गेला, गाठ अजून काळीच. ही काळी छटा लवकर येते, उशिरापर्यंत हलत नाही, म्हणून रेडिओलॉजिस्ट हिला 'सासूची खूण' म्हणतात. विनोद जुनाट आहे, पण विद्यार्थी ही खूण विसरत नाहीत.

म्हणूनच मोठ्या गाठीत काही वेळा ऑपरेशनआधी कॅथेटरने (बारीक नळीने) ही धमनी आतून बंद करतात. मग गाठीबरोबर चिकटलेला ड्युरा आणि बिघडलेलं हाडही काढायचा प्रयत्न होतो. गाठ डोळा फिरवणाऱ्या नसांना आणि मोठ्या धमनीला वेढून बसली असेल, तर सर्जन थोडी मुद्दाम मागे ठेवतात. उरलेल्या भागाला गरजेनुसार रेडिएशन देतात, नाहीतर ठरावीक काळाने पुन्हा एमआरआय काढून जुन्या फिल्मशेजारी लावून बघतात.