एका दाराची किंमत

[दृश्य: जुनं लाकडी दार. गेममधलं पात्र दार ढकलून आत जातं. तेच दृश्य पुन्हा, संथ गतीनं.]

हे दार उघडायला दीड सेकंद लागला.

सिनेमाला असं दार हवं असेल, तर सेटवरचे सुतार ते दिवसभरात उभं करतात. मागे खोली नसली तरी बिघडत नाही. प्लायवूडला मागून टेकू दिला, समोरून रंग मारला, की कॅमेऱ्यापुरतं घर तयार. नट आत जातो, दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो, दाराचं काम संपतं.

गेममध्ये ‘कट’ म्हणायला कुणी नसतं. खेळणारा दार उघडेल, अर्ध्यावर सोडून मागे फिरेल, त्यावर गोळ्या झाडेल, दारातच उभा राहून ते स्वतःवर लोटून घेईल. मागून सोबतीचं पात्र येत असेल, तर ते चौकटीत अडकेल आणि दोघांपैकी कुणालाच हलता येणार नाही.

[दृश्य: दाराभोवती हिरव्या-लाल रेषा, चौकोन, बाण.]

या रेषा खेळणाऱ्याला कधी दिसत नाहीत. कोणती दारं उघडतात आणि कोणती नुसती भिंतीवरची चित्रं आहेत, हे डिझायनर ठरवतो. ते खेळणाऱ्याला लांबून कळावं, यासाठी दिवा, रंग, कडी यांच्या खुणा पेरतो. हात कडीवर नेमका पडावा, हे अॅनिमेटरचं काम. शत्रूला दारातून वाट आहे की नाही, हे त्याच्या चालण्याच्या नकाशात प्रोग्रॅमर लिहितो, आणि दार बंद झालं की तो नकाशा त्याच क्षणी बदलावा लागतो. आवाजवाला करकर देतो आणि दार बंद असताना पलीकडचं बोलणं दबकं करतो. दार उघडल्यावर आतला प्रकाश बाहेर किती सांडेल, हे आणखी एक जण पाहतो. ‘कुलूप आहे’ एवढ्या दोन शब्दांचंही डझनभर भाषांत भाषांतर होतं.

‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ हा गेम २०२० साली आला. त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक, कर्ट मार्गेनाऊ, यांनी पुढच्या वर्षी जाहीरपणे लिहिलं की, लढाईत वापरता येणारी दारं ही सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या गोष्टींपैकी एक होती. कारण सरळ आहे. पाठलाग चालू असताना दार लावून घेता आलं, की शत्रूची नजर तुटते आणि प्रसंगातली भीतीच जाते. दार नसेल, तर घर खोटं वाटतं.

[दृश्य: न्यायालयात दाखल झालेला कागद. काळ्या रेघांखाली आकडे पुसट दिसतात.]

आता पैसे. गेम कंपन्या खर्चाचे आकडे सहसा सांगत नाहीत. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीचे कागद दाखल झाले. गोपनीय आकड्यांवर काळ्या पेनानं रेघा मारल्या होत्या, पण स्कॅन केल्यावर खालचं वाचता येत होतं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला लागले २२ कोटी डॉलर, आणि काम ऐन भरात असताना सुमारे २०० माणसं. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१.२ कोटी डॉलर, ३०० माणसं, पाच वर्षं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका स्टुडिओचे चोरीला गेलेले कागद बाहेर आले, तेव्हा ‘स्पायडर-मॅन २’ या गेमचा खर्च ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचं कळलं. त्या वेळच्या दरानं हे जवळपास अडीच हजार कोटी रुपये. त्याच नायकाचा ‘नो वे होम’ हा सिनेमा २०२१ साली सुमारे २० कोटी डॉलरमध्ये झाला होता. याहून महाग सिनेमे आहेत, ‘स्टार वॉर्स’च्या २०१५ सालच्या भागाचा खर्च ४० कोटींच्या पुढे गेला, पण असे सिनेमे थोडेच. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतल्या २०२० सालच्या गेमवर, प्रकाशनानंतरचं काम धरून, ७० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाल्याचं कंपनीनंच न्यायालयाला सांगितलं.

हा पैसा नटांच्या मानधनात किंवा परदेशी लोकेशनवर जात नाही. बहुतेक सगळा पगारात जातो. अमेरिकेतल्या स्टुडिओत एका माणसाचा महिन्याचा खर्च, पगार, जागा, विमा, संगणक धरून, दहा हजार डॉलर असा जुना ठोकताळा आहे; आज तो कमीच पडतो. ३०० माणसं, ६० महिने, दहा हजार डॉलर. गुणाकार केला की १८ कोटी होतात. सिनेमाचं युनिट चित्रीकरण आटोपलं की पांगतं. इथे शेकडो माणसं वर्षानुवर्षं पगारावर असतात, आणि तारीख सहा महिने पुढे गेली, की सहा महिन्यांचे पगार वाढतात.

[दृश्य: पडद्यावर खुर्ची. तिची त्वचा नाहीशी होऊन फक्त त्रिकोणांची जाळी उरते.]

ही खुर्ची दहा सेकंद दिसते. तरी तिची पाठ, बूड, पायांचा तळ, सगळं घडवावं लागतं. खेळणारा तिला लाथ मारून उलटी पाडू शकतो.

आधी ठोकळ्यांची कच्ची खुर्ची करून खोलीत ठेवतात. तिच्यामागे लपता येतं का, वाट अडते का, ते पाहतात. मग शिल्पकाराच्या बारकाईनं लाखो त्रिकोणांची खुर्ची कोरली जाते. लाकडाची शीर, खिळ्याचं डोकं, टवका उडालेली कड. एवढा भार यंत्राला पेलत नाही. म्हणून तीच खुर्ची पुन्हा, काही हजार त्रिकोणांत, हातानं विणली जाते.

[दृश्य: खुर्चीची त्वचा उसवून सपाट पसरते.]

इथे शिंप्याचं काम आहे. घनाकृतीची त्वचा उसवून सपाट पसरवायची, म्हणजे तिच्यावर रंग भरता येतो. शिवण दर्शनी भागावर आली, तर कायमची दिसते. मग कोरलेल्या खुर्चीचे बारकावे हलक्या खुर्चीवर ‘बेक’ केले जातात: प्रकाश कुठे वळावा याचं निळसर-जांभळं चित्र. दोन्ही खुर्च्या तंतोतंत जुळल्या नाहीत, तर कडांवर काळे डाग पडतात आणि काम पहिल्यापासून. रंग, खरखरीतपणा, धातूपणा यांची वेगळी चित्रं. लांबून पाहण्यासाठी आणखी तीन हलक्या आवृत्त्या. त्यांची अदलाबदल चुकीच्या अंतरावर झाली, तर खुर्ची डोळ्यांदेखत टुणकन बदलते. शेवटी न दिसणारं, टक्कर झेलणारं कवच. ते सैल राहिलं, तर पात्र हवेत बसतं.

खुर्चीला दोन-तीन दिवस लागतात. मुख्य पात्राच्या चेहऱ्याला महिने.

[दृश्य: डावीकडे सिनेमाची एक फ्रेम, उजवीकडे धावता गेम.]

डावीकडच्या एका फ्रेमवर संगणकांचा ताफा तासन्‌तास बसू शकतो. उजवीकडे सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला मिळतात १६.६ मिलिसेकंद. ३० हव्या असतील, तर ३३.३. तेवढ्यात प्रकाश, सावल्या, शत्रूचे निर्णय, पडणारी खुर्ची, सगळं मोजून व्हायला हवं. यंत्र तुमच्या घरातलं, टीव्हीखालच्या कप्प्यात बसेल एवढं. शेवटच्या वर्षात अनुभवी प्रोग्रॅमर हेच करत असतात: इथून अर्धा मिलिसेकंद, तिथून पाव.

[दृश्य: काळे घट्ट सूट घातलेले नट, अंगावर चमकते मणी. छतालगत कॅमेऱ्यांची रांग.]

या हॉलमध्ये सजावट नाही. नळ्यांची चौकट म्हणजे दार, लाकडी खोकी म्हणजे पायऱ्या. कॅमेरे फक्त मणी पाहतात, त्यांवरून नटांची हालचाल टिपली जाते. दोन नट मिठी मारतात तेव्हा मणी झाकले जातात, आणि संगणक एकाचं कोपर दुसऱ्याला जोडून मोकळा होतो. ते निस्तरायला माणूस बसतो. मग नटाची हालचाल पात्राच्या सांगाड्यावर चढवायची. नट उंच आणि पात्र बुटकं असेल, तर हात गुडघ्यापर्यंत लोंबतात.

आणि नुसतं चालणं पुरत नाही. चालायला लागणं, डाव्या पायावर थांबणं, उजव्यावर थांबणं, काटकोनात वळणं, पूर्ण मागे वळणं, चढ, उतार, जिना, लंगडत, वाकून, खांद्यावर ओझं घेऊन. प्रोग्रॅमनं दिलेला वेग आणि पावलाची लांबी जुळली नाही, की बूट जमिनीवर घसरतात. एकदा ते लक्षात आलं, की नजर तिथेच जाते.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’च्या निर्मात्यांनी २०१८ साली आकडे सांगितले होते: सुमारे तीन लाख हालचाली, पाच लाख संवादाच्या ओळी, बाराशे नट, आणि या हॉलसारख्या जागेत २२०० दिवस. बहुतेक सिनेमांचं चित्रीकरण शंभर दिवसांच्या आत आटोपतं.

[दृश्य: ध्वनिकक्ष. जमिनीवर वाळू, खडी, फळ्या, पाण्याचं घमेलं. एक हात बूट आपटतो.]

पावलांचा आवाज. आठ प्रकारची जमीन, तीन वेग, दोन प्रकारचे बूट, आणि प्रत्येकाचे सहा नमुने, कारण तोच आवाज लागोपाठ आला की कानाला लगेच कळतं. २८८ ध्वनी झाले. आणि हे फक्त नायकाचे.

[दृश्य: ‘राजी’ गेम. भित्तिचित्रं, मग सावल्यांच्या बाहुल्या.]

खर्च कमी करण्याची एक खात्रीची वाट आहे, आणि ती पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओनं २०२० साली दाखवली. ‘राजी’ या गेममध्ये कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात दिलेला नाही. तो कुठे असेल हे ठरलेलं, त्यामुळे देवळाची मागची भिंत घडवायची गरज नाही, सिनेमाच्या सेटसारखी. कथेचे भाग सावल्यांच्या बाहुल्यांत सांगितले. चेहऱ्याचे हावभाव टिपायची यंत्रणाच लागली नाही. आमच्या मते ही काटकसर हेच त्या गेमचं सौंदर्य आहे.

[दृश्य: टेस्टिंगची खोली. रांगेनं पडदे, हेडफोन, हातात कंट्रोलर.]

आणि या खोलीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पुण्यात यूबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ २००८पासून आहे आणि टेस्टिंग हे तिथलं एक मोठं काम. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या नव्या आवृत्तीची सप्टेंबर २०२०मध्ये घोषणा झाली, तेव्हा ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ घडवत होते. तारीख पुढे गेली, पुन्हा गेली, आणि मे २०२२मध्ये काम कंपनीच्याच कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे सोपवलं गेलं.

टेस्टिंग म्हणजे दिवसभर गेम खेळणं, असं घरच्यांनाही वाटतं. सकाळी नवा बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती, येते. आधी गेम सुरू होतो का, सेव्ह होतो का, एवढंच पाहतात. मग एक जण प्रत्येक भिंतीला अंग घासत पूर्ण नकाशा चालतो, कुठे आरपार पडायला होतं का ते शोधत. दुसरा गेम रात्रभर नुसता चालू ठेवतो. मेमरी गळत असेल, म्हणजे वापरून झालेली मोकळी होत नसेल, तर पहाटे तो कोसळलेला सापडतो. सापडलेली चूक लिहिण्याची शिस्त असते: बिल्डचा क्रमांक, पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा, सोबत व्हिडिओ. दहापैकी दहा वेळा होणारी चूक दुपारपर्यंत सुटते. दहापैकी एकदा होणारी आठवडा खाते. आणि एक दुरुस्ती दुसरीकडे काहीतरी मोडते, म्हणून सगळं पुन्हा तपासायचं.

[दृश्य: खेळ चालू असताना एक हात कंट्रोलरची बॅटरी काढतो.]

ही कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं, बनवणाऱ्या कंपन्यांच्या परीक्षेची तयारी. मधेच कंट्रोलर बंद पडला, डिस्क भरली, सेव्ह होताना वीज गेली, तर काय? नापास झालं, की दुरुस्ती, पुन्हा रांग, तारीख पुढे.

‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की, १८ तारखेला सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. परतला पुढच्या जूनमध्ये.

[दृश्य: रिकामी टेबलं. खुर्च्यांवर प्लॅस्टिक.]

२०२४च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं गेम विभागातली १९०० माणसं कमी केली, फेब्रुवारीत सोनीनं सुमारे ९००. ‘स्पायडर-मॅन २’ बनवणाऱ्या स्टुडिओतलीही त्यात होती.

[दृश्य: गेमची श्रेयनामावली सरकते आहे.]

भारतात ‘स्पायडर-मॅन २’ हा गेम ४,९९९ रुपयांना आला. त्या पैशांत ही यादीही येते. अशा याद्या बऱ्याचदा वीस-पंचवीस मिनिटं चालतात. प्रकाशनाआधी सोडून गेलेल्यांची नावं अनेकदा गळतात. टेस्टरांची नावं सहसा उशिरा येतात, बाहेरच्या स्टुडिओंची त्याच्याही नंतर. वगळण्याचं बटण कोपऱ्यात आहे.

[यादी सरकत राहते. निवेदन थांबतं.]