सव्वा किलोची प्लेट

मंडळी, विषय दिलाय 'ताकद वाढवण्यासाठी वजन कसं वाढवत न्यावं'. त्याकडे येतोच. पण आधी माझी एक तक्रार ऐकून घ्या. दारं लावून बसलेले एवढे श्रोते मला पुन्हा मिळायचे नाहीत.

कुठल्याही जिममध्ये जा. भिंतभर आरसे, 20 किलोच्या प्लेटांची चळत. सव्वा किलोची जोडी मागा. "असेल बघा तिकडं." तिकडं म्हणजे कुठं? आमच्याकडे एक सापडली मागचं दार अडवायला उटी म्हणून. दुसरी मारुतीच्या तसबिरीपुढं, तिच्या भोकात उदबत्ती. (हशा) आता बजरंगबलीपुढून कोण उचलणार? मालकांना म्हटलं, अर्ध्या किलोच्याही आणा. त्यांनी माझ्या दंडाकडे एकदा बघितलं. "काका, एवढ्यानं काय होतंय?" हसताय, पण निम्म्यांना तेच वाटतंय.

काय होतंय ते सांगतो. नुसता बार 20 किलोचा. नवीन मुलगी तो डोक्यावर कसाबसा दहा वेळा ढकलते. दोन्हीकडे अडीच-अडीच लावले की झाले 25, म्हणजे एकदम पंचवीस टक्के वाढ. खांद्यावर 80 किलो घेऊन स्क्वाट, म्हणजे बैठक, मारणाऱ्याला तेच पाच किलो सहा टक्क्यांच्या आसपास पडतात. ती अडते आणि ट्रेनर सांगतो, जिद्द कमी पडते! अर्ध्या किलोची जोडी असती तर 21 झाले असते.

आणि सांगलीत तरी 'एवढ्यानं काय होतंय' हे कुणी विचारू नये. आपला वेटलिफ्टर संकेत सरगर. 2022, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, 55 किलो गट. क्लीन अँड जर्क, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेताना कोपर दुखावलं, एकूण वजन राहिलं 248. मलेशियाचा गडी 249. एका किलोनं सुवर्ण गेलं! 2005 पासून वेटलिफ्टिंगमध्ये वजन एकेक किलोनं वाढवता येतं. त्याआधी अडीचचा हिशेब होता. जागतिक संघटनेला कळलं, आमच्या मालकांना अजून...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पटापट.

वाढतं वासरू रोज खांद्यावर घेऊन ताकद कमावणाऱ्या ग्रीक पैलवान मिलोची गोष्ट गाळतो, ती तुम्हाला पाठ आहे. एवढंच, की वासरू पाच-पाच किलोच्या उड्या मारत वाढत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या पायांना असंच चढत्या वजनानं बळ आणलं. 1945 मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे त्यांनी बसवलेली रीत अशी: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं ते पूर्ण धरायचं, पहिला सेट, म्हणजे न थांबता उचलण्याची एक फेरी, त्याच्या निम्म्यावर, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण.

तुम्ही याहून सोपं करा. वजन एकच ठेवा. आज एका सेटमध्ये आठ वेळा उचललं, पुढच्या वेळी नऊ बघा. तिन्ही सेटमध्ये बारा-बारा झाले की सगळ्यात लहान जोडी लावा आणि परत आठवर या. पाठ वाकवून उचललेलं मोजायचं नाही. गाडी अडली तर वजन दहा टक्के उतरवून पुन्हा चढा. वहीत लिहा, 'आठवतंय की' म्हणणारे नेहमी जास्तच आठवतात. झोप आणि जेवण हे विषय राहिले, वेळेपुढं इलाज नाही. अर्ध्या किलोच्या दोन प्लेटा पिशवीत सहज मावतात, स्वतःच्याच न्या.

आता प्रश्न घेऊ. गुडघ्यांचे आधी, प्रोटीन पावडरीचे शेवटी.