कसारा : चढाच्या पायथ्याचं गाव

(पहाट. कसारा स्थानक. फलाटावर मोकळी झालेली लोकल, मागे घाट.)

मुंबईकराची कसाऱ्याशी ओळख इंडिकेटरपुरती. ‘कसारा’ लिहिलेल्या लोकलमधून शेवटपर्यंत कोण जातंय? जे जातात, ते या गावात उतरतात. उपनगरी रेल्वे इथं संपते आणि समोर सह्याद्री उभा असतो.

रूळ कसाऱ्याला पोचले १८६१ मध्ये. पुढचं इगतपुरी जेमतेम पंधरा किलोमीटरवर, पण तिथवर गाडी जायला १८६५ उजाडलं. मार्ग आखला तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली. गाडी घाट चढण्याआधीच, १८६२ मध्ये ते वारले. त्यांचं नाव निदान पुस्तकांत आहे. पहारीनं कातळ फोडणाऱ्या, पाट्यांतून दगडमाती वाहणाऱ्या बायापुरुषांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. साथीच्या रोगांनी त्यातले कितीतरी गेले.

(ड्रोन. एहेगावचा पूल, वरून मालगाडी.)

हा एहेगावचा पूल, दरीच्या तळापासून सुमारे ५५ मीटर उंच. गाडी सपाटीवर चालल्यासारखी दिसतेय, पण ती चढतेय : दर ३७ मीटरला एक मीटर. रस्त्यावर हा चढ कुणाच्या लक्षातही येणार नाही. रेल्वेचं चाक लोखंडी, रूळही लोखंडी, म्हणजे पकड कमी. तिथं तो फार होतो. सुरुवातीच्या काळात तर एका जागी गाडी डोंगराच्या सोंडेवर नेऊन थांबवायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ घ्यायचा, अशी कसरत होती.

(कसारा यार्ड. मागून येणारी इंजिनं, कपलिंगचा क्लोजअप.)

आता नीट बघा. ही इंजिनं गाडीच्या पुढे नाही, मागे लागतायत. यांना बँकर म्हणतात. सगळा जोर पुढूनच लावला तर डबे जोडणाऱ्या कपलिंगवर इतका ताण येईल, की गाडी मधेच तुटायची. म्हणून पुढचं इंजिन ओढतं आणि मागची ढकलतात. मागच्या चालकाला पुढचा सिग्नल दिसत नाही. पूर्वी सगळं शिट्टीच्या खुणांवर चालायचं, आता वॉकी-टॉकी आहे. दोन्हीकडचा जोर एका वेळी लागला पाहिजे. प्रवासी तोवर खिडकीतून माकडं बघत असतात.

१९३० च्या सुमारास इथं वीज आली, आणि तिच्याबरोबर स्वित्झर्लंड-इंग्लंडमध्ये बांधलेली इंजिनं. कर्मचाऱ्यांनी त्यांचं नाव ठेवलं खेकडा. उतारावर ही इंजिनं ब्रेक लावतानाच वीज तयार करून तारेत परत पाठवायची. तेही त्या काळात!

उतरणं मात्र चढण्याहून जोखमीचं. ही बाजूला फुटलेली, डोंगराकडे चढत जाणारी लाइन म्हणजे कॅच सायडिंग. रूळ बदलणारा सांधा एरवी तिच्याकडेच वळवलेला असतो. वरून येणारी गाडी आधी पूर्ण थांबली, तरच तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी सरळ सायडिंगमध्ये शिरते आणि चढावर तिचा वेग मरतो.

(कड्यावर दोर लावून उतरलेले कामगार.)

ही हिल गँग. पावसाळ्याआधी कड्यांवरचे सुटे झालेले दगड हुडकायचे आणि ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, स्वतःच खाली पाडायचे. नाहीतर पहिल्या जोराच्या पावसात ते रुळांवर येतात. गाडी वेळेवर पोचली, तर तिचं श्रेय यांना कुणी देत नाही.

(हंडे. टँकर.)

तालुका शहापूर. मुंबईला पाणी देणारी तानसा-भातसा धरणं इथलीच. उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो.

(वंदे भारत घाट चढताना.)

वंदे भारतला बँकर लागत नाही. तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत. राजधानीला पुढे-मागे स्वतःची इंजिनं. १:१०० चढाच्या, म्हणजे दर १०० मीटरला एकच मीटर चढणाऱ्या नव्या मार्गाची आखणीही झाली आहे. तो झाला, की त्या मार्गावरच्या मालगाड्यांनाही बँकर लागणार नाही, आणि बँकरवरच्या माणसांना बदलीचे कागद येतील.