जीटीओ द्यावी, शेव्हेल घ्यावी?

(ट्रॉय, मिशिगन इथे मराठी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. गेल्या जूनमध्ये एका गृहस्थांनी आमच्या दारात 1970 सालची लाल शेव्हेल, म्हणजे शेव्हरले कंपनीची गाडी, आणून उभी केली. बॉनेटवर दोन जाड काळे पट्टे. म्हणाले, "तुमची जीटीओ मला द्या, ही ठेवून घ्या, वर चार हजार डॉलर देतो." मी तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. त्या तीन आठवड्यांत काय तपासलं आणि काय विचार केला, ते आज सांगते. आपल्यातल्या चार-पाच घरांत आता अशा गाड्या आल्या आहेत, आणि असा सौदा कधीतरी तुमच्याही दारात येणार.

माझी गाडी 1968 ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ. हिरवी, 400 घनइंची इंजिन, 350 अश्वशक्ती, चार गिअर. एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. डेट्रॉइटहून निघणाऱ्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या उत्तर टोकाला पॉन्टिअ‍ॅक गाव आहे, त्याचंच नाव या गाडीला. जीटीओची जन्मकथा तुम्ही ऐकली असेल. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा, म्हणजे पॉन्टिअ‍ॅक आणि शेव्हरले या दोन्हींच्या मालक कंपनीचा, नियम होता. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली टेंपेस्ट ल मान्स या मॉडेलमध्ये 389 घनइंची इंजिन दिलं, पण ते 'ऑप्शन' म्हणून. नियम मॉडेलपुरता होता, ऑप्शनबद्दल त्यात काही नव्हतं. पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या खपल्या.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतेय, कारण ऑप्शन आणि मॉडेल यांतला हा फरक साठ वर्षांनी आपल्या खिशाशी येऊन भिडतो. 1966 पासून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल झालं. त्यामुळे माझ्या गाडीचा चेसिस नंबर 242 ने सुरू होतो, आणि 242 म्हणजे जीटीओच. शिवाय पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे तो नंबर पाठवला की कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मिळते. गाडी कुठल्या रंगात, कुठल्या गिअरबॉक्ससह बाहेर पडली, सगळं त्यात असतं. शेव्हेलचं उलट आहे. 1966 ते 1968 च्या एसएस 396 चा, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या 'सुपर स्पोर्ट' शेव्हेलचा, नंबर 138 ने सुरू व्हायचा. 1969 पासून एसएस हा ऑप्शन झाला. दारातल्या लाल गाडीवर एसएस 396 चा बिल्ला होता, पण तिचा नंबर 136 ने सुरू होत होता, आणि तो आठ सिलिंडरच्या साध्या शेव्हेल मालिबूचाही असू शकतो. अमेरिकेत विकलेल्या त्या काळातल्या शेव्हरलेसाठी कारखान्याकडून अशी प्रत मिळत नाही. कारखान्यात गाडीसोबत फिरणारा बिल्ड शीटचा कागद कधीकधी पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटखाली चिकटलेला सापडतो. या गाडीत तो नव्हता.

मग गाडीलाच विचारायचं. मागचा अ‍ॅक्सल बारा बोल्टचा होता, म्हणजे जसा हवा तसा. साध्या मालिबूला बहुधा दहा बोल्टचा असतो. इंजिनावर, उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, दोन बोटं रुंदीची सपाट जागा असते. तिच्यावर इंजिनाचा कोड आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. मी तिथलं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि टॉर्च आडवा धरला. आकड्यांखाली केसासारख्या बारीक, एकमेकींना समांतर रेघा चमकल्या. कारखान्यात तो पृष्ठभाग कापताना हत्याराने उमटलेल्या त्या रेघा. कोणी जुने आकडे घासून नवे ठोकले असते, तर या रेघा आधी गेल्या असत्या. इंजिन या गाडीचंच होतं, याबद्दल माझी खात्री पटली. (बिल्ल्यावर 396 असलं तरी 1970 साली ते इंजिन प्रत्यक्षात 402 घनइंचांचं होतं. नाव खपत होतं, म्हणून कंपनीने बिल्ला बदलला नाही.)

पत्र्याने मात्र वेगळी साक्ष दिली. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक मी मागच्या चाकाच्या वरून खाली सरकवत नेलं. वर घट्ट धरत होतं. चाकाच्या कमानीपासून चार बोटांवर आलं आणि सरळ माझ्या तळहातात पडलं. तिथे लोखंड नव्हतं, लांबी (खड्डे बुजवायचा लेप) भरलेली होती, आणि लांबीवर तो सुंदर लाल रंग. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने हाच भाग आधी खाल्ला जातो. मागच्या काचेच्या खाचेतून पाणी डिकीत उतरतं, म्हणून डिकीचा गालिचा उचलूनही पाहिला. तिथे गंज होता, पण वरवरचा.

तरीही मी ती गाडी चालवली आणि मला ती फार आवडली. या दोघी खरं तर सख्ख्या बहिणी. 1968 ते 1972 च्या दोन दारांच्या जीटीओ आणि शेव्हेल एकाच मापाच्या चेसिसवर उभ्या आहेत, चाकांमधलं अंतर दोघींचं 112 इंच. इंजिनं मात्र पूर्ण वेगळी, आणि शेव्हेलचे सुटे भाग अधिक सहज मिळतात. तुलना करताना अश्वशक्तीच्या आकड्यांना भुलू नका. माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 10.75 आहे. 1971 मध्ये शिसंविरहित पेट्रोलसाठी जीटीओचं कॉम्प्रेशन 8.2 वर आणलं, आणि 1972 मध्ये शक्ती मोजायची पद्धतच बदलली. कागदावर 350 चे 250 झाले, पण त्यातली बरीचशी घट मोजमापाची आहे.

आता मुख्य गोष्ट. अदलाबदलीत किंमत झाकली जाते. वरचे चार हजार तेवढे डोळ्यांपुढे राहतात. म्हणून मी कागद घेतला आणि दोन सौदे वेगळे लिहिले. माझी जीटीओ रोखीने कितीला जाईल? आणि तेवढे पैसे हातात असते, तर मी उठून बाजारात ही, नेमकी ही, लांबी भरलेली आणि बिनकागदांची शेव्हेल घेतली असती का? पेन तिथेच थांबलं. शेव्हेल घेतली असती कदाचित, पण ही नाही.

मग ती दारातून परत का पाठववत नव्हती? दोन रात्री मी यावर विचार केला. खरं कारण असं होतं की दोन उन्हाळे माझी गाडी मला छळत होती. गरम झाली की बंद केल्यावर पुन्हा चालू होत नव्हती. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. इंजिनाच्या धगीने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं, आणि मग बॉनेट उघडून अर्धा तास उभं राहायचं. गेल्या वर्षी वुडवर्डवर, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी निघणाऱ्या जुन्या गाड्यांच्या फेरीत, हजारो गाड्यांच्या रांगेत मी अशी उभी होते. तेव्हापासून मनात गाडीविषयी अढी बसली होती. मला गाडी बदलायची नव्हती, तो अर्धा तास नको होता.

त्या गृहस्थांना मी नाही म्हटलं, आणि चुंबक त्यांच्या हातात देऊन ती जागा दाखवली. त्यांना ठाऊक नव्हतं. खाली बसून ते बराच वेळ चुंबक पत्र्यावर फिरवत राहिले.

मग कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर बसवला, पेट्रोलची नळी इंजिनापासून दूर वळवली. एका रविवारचं काम. यंदाच्या ऑगस्टमध्ये रॉयल ओकला पेट्रोल भरायला थांबले. बाहेर कडक ऊन, तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या वर. मी गाडी बंद केली, पैसे दिले, परत येऊन बसले. माझा मुलगा बाजूच्या सीटवर होता. "आई, थोडं थांबूया का?" तो म्हणाला. मी किल्ली फिरवली.