तेरवीनंतरचं घर

नमस्कार श्रोतेहो. पोळा तोंडावर आलाय. ज्या घरचे बाबा यंदा गेले, त्या घराचा हा पहिलाच पोळा त्यांच्याविना. आज त्या घराबद्दल बोलू.

तेरा दिवस शेजारून भाकरी येते, वरण येतं, माणसं बसून असतात. तेरवी झाली की सतरंज्या गोळा होतात, आणि खरं दुःख तेव्हा घरात शिरतं. म्हणून सांगते, तेरवीनंतर जा. जाताना काम हाती घ्या. निंदण राहिलं असेल तर विळा घेऊन जा.

यवतमाळकडच्या एका घरातली गोष्ट. वडील पेरणीच्या तोंडावर गेले. मुलगा दहावीत. तेरा दिवसांत रडला नाही. लोक म्हणाले, पोरगं खंबीर आहे. काकासोबत तिफण धरून त्यानं पेरणी उरकली. मग आली पोळ्याच्या आदल्या दिवसाची खांदशेकणी. दुखवट्याचं वर्ष, बैल सजवायचे नाहीत, असं भावकीनं ठरवलं होतं. आजी म्हणाली, "नका सजवू. पण खांदे शेकल्याबिगर राहाचं नाही. त्यायनं वर्षभर जू वायलं." तिनं वाटीत तूप-हळद कालवली, पळसाचं पान हाती दिलं. पोरगा गोठ्यात गेला. जू बसतं तिथं बैलाचा खांदा टणक झालेला, केस झडलेले. त्यानं तूप चोळलं. आता म्हणायचं होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी हे बाबा म्हणायचे. "आज आवतन..." एवढंच निघालं. बैलाच्या मानेवर डोकं टेकून तो हमसून रडला. माय धावली, तर आजीनं तिचा हात धरला. "राहू दे. रडू दे त्याले." बऱ्याच वेळानं ते आवतन आजीनंच पुरं केलं. त्या रात्री पोरगा अडीच महिन्यांनी पोटभर जेवला.

तर रडणाऱ्याला गप्प करू नका. आणि लहान लेकराला "बाबा गावाला गेले" सांगू नका. ते दारात वाट पाहत बसतं, आणि पुढं माय खरंच गावाला निघाली की घाबरतं. "बाबा वारले, आता परत येणार नाहीत," असं साध्या शब्दांत सांगा.

तेरवीसाठी कर्ज तर काढूच नका. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, जन्मभर कीर्तनातून हे सांगत फिरले, आणि आपण अजून उधारीवर गावजेवण घालतो. मला हे फार लागतं.

कागदांचं थोडक्यात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे 3 महिन्यांच्या आत. त्यात बायको, लग्न झालेल्या लेकी आणि गेलेल्याची आई, सगळ्यांची नावं घाला. एक नाव सुटलं की पुढं फेरफारावर, म्हणजे जमिनीच्या कागदावर नाव बदलण्याच्या नोंदीवर, हरकत येते. सुतकात कुणी हक्कसोडीवर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही मागितली, तर थांबा म्हणा.

शेवटचं, पण विसरू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली शेजाऱ्याकडे द्या. कुणी जेवत नसेल, झोपत नसेल, "मीही जातो" म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसला, म्हणजे मनाच्या आधारासाठी असलेल्या सरकारी फोनसेवेला, फोन लावा, पैसे लागत नाहीत. लिहून घ्या: 14416. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा.

नमस्कार.