नाव तेच, नाव नवी

[दृश्य : थळचा किनारा, ओहोटीची वेळ. क्षितिजावर दोन बेटं.]

अलिबागजवळच्या थळच्या वाळूत उभं राहिलं की समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, लांबचं खांदेरी. १९९८ साली खांदेरीचं सरकारी नाव बदललं आणि कान्होजी आंग्रे यांचं नाव बेटाला मिळालं. किनाऱ्यावरची माणसं अजून खांदेरीच म्हणतात. आपल्या नौदलातही खांदेरी आहे. पण ती पाणबुडी.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या खडकावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचं ठाणं! त्यांनी जहाजं आडवी लावली, पुढे सिद्दीही आला. मराठ्यांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी बेट धरून बसले होते. मराठ्यांच्या छोट्या, उथळ तळाच्या होड्या रात्री त्या जहाजांच्या मधून निसटायच्या आणि बेटावर रसद पोचवायच्या. ऑक्टोबरातल्या झुंजीत तर ‘डव्ह’ नावाचं इंग्रजी गलबतच मराठ्यांनी धरलं. कुणाला न दिसता जायचं आणि काम उरकून यायचं, हा तर पाणबुडीचाच धंदा.

नौदल मात्र या नावाचे दोन अर्थ सांगतं. कधी किल्ला, कधी एक शिकारी मासा. आम्ही किल्ल्याच्या बाजूने. त्यात थोडा पक्षपात आहे, मान्य.

[दृश्य : बर्फाळ बंदराची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

भारताची पहिली पाणबुडी नौदलात आली ती इथे, रिगा बंदरात. बाल्टिक समुद्रावरचं हे शहर तेव्हा सोव्हिएत संघात होतं. ८ डिसेंबर १९६७. पाणबुडीचं नाव ‘कलवरी’, म्हणजे खोल पाण्यातला वाघशार्क. कमांडर के. एस. सुब्रमण्यन तिचे पहिले कप्तान. सुएझ कालवा त्याच वर्षीच्या युद्धामुळे बंद पडलेला, त्यामुळे घरी यायला अख्ख्या आफ्रिकेला वळसा. आजही ८ डिसेंबर हाच नौदलाचा पाणबुडी दिन.

पुढच्याच डिसेंबरात ‘खांदेरी’ आली. मग ‘करंज’, ‘कुरसुरा’. १९७३-७४ मध्ये ‘वेला’, ‘वागीर’, ‘वागली’, ‘वागशीर’. एकूण आठ.

[दृश्य : माझगाव डॉक, जलावतरण.]

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, आणि मग सुनेची पंचाईत होते. सासऱ्यांचं नाव घेऊन पोराला रागवायचं कसं? म्हणून पाळण्यात एक नाव आणि हाकेला दुसरं. नौदलात ही अडचण येत नाही, कारण जुनी पाणबुडी निवृत्त झाल्यावरच तिचं नाव मोकळं होतं. ‘खांदेरी’ १९८९ मध्ये निवृत्त झाली आणि तिचं नाव तब्बल तीस वर्षं रिकामं राहिलं. २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत नवी ‘खांदेरी’ दाखल झाली. पहिलीचा जन्म सोव्हिएत संघातला. दुसरी माझगावात घडली, खांदेरी बेट ज्या समुद्रात आहे त्याच्याच काठावर. जुनीचा क्रमांक एस-२२ होता, नवीचाही एस-२२.

नात आजीपेक्षा लहान आहे, हेही सांगायला हवं. जुनी पाणबुडी ९१ मीटर लांब, तीन पंख्यांची, टॉर्पेडोच्या दहा नळ्यांची, आत सुमारे पंच्याहत्तर माणसं. नवी साडेसदुसष्ट मीटर, नळ्या सहा आणि माणसं चाळीसच्या आसपास. जुनीच्या भावंडांची नावंही अशीच परत आली: ‘कलवरी’ २०१७ मध्ये, मग ‘करंज’, ‘वेला’, ‘वागीर’, आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘वागशीर’.

१० मार्च २०२१. नव्या ‘करंज’च्या समारंभाला प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख, निवृत्त ॲडमिरल विजयसिंह शेखावत. १९७१ च्या युद्धात जुन्या ‘करंज’चे कप्तान तेच होते. पन्नास वर्षांनी ते धक्क्यावर उभे होते, आणि समोर त्याच नावाची पाणबुडी. त्यांनी ओळखलेला पोलादाचा एक तुकडाही तिच्यात नव्हता.

[दृश्य : विशाखापट्टणम, रामकृष्ण बीच. वाळूवर काळी पाणबुडी, पर्यटकांची रांग.]

आठातली सहा नावं परतली. ‘वागली’ आणि ‘कुरसुरा’ ही दोन राहिली. ‘कुरसुरा’ २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी तिला वाळूवर ओढून तिचं संग्रहालय केलं. शाळेची पोरं आत शिरतात, अरुंद दारांतून वाकून जातात, नळ्यांना हात लावतात. त्या सहा जणींची नावं समुद्रात आहेत आणि अंगं गेली. हिचं अंग इथे किनाऱ्यावर आहे, आणि नाव अजून दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.