रिकाम्या हातांनी कोणी रानात जात नसे

रानात एकटा माणूस, जवळ काहीही नाही, आणि संध्याकाळपर्यंत झोपडी, विस्तव, भाला सगळं तयार. असे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. हाताचं काम म्हणून मला ते मनापासून आवडतात. पण प्राचीन कौशल्यांचा सराव करायचा असेल, तर ‘शून्यापासून सुरुवात’ ही कल्पना आधी डोक्यातून काढा, एवढंच सांगायला मी आज उभा आहे. तेव्हाची माणसं शून्यापासून सुरुवात करत नव्हती.

याचा पुरावा आल्प्समध्ये मिळाला. 19 सप्टेंबर 1991 रोजी ऑस्ट्रिया-इटलीच्या सरहद्दीवर, 3,210 मीटर उंचीवर, वितळत्या बर्फात एक देह दिसला. आधी वाटलं, कोणी गिर्यारोहक असावा. निघाला 5,000 वर्षांहून जुना. हाच तो ओट्झी. थडग्यात सापडतं ते सामान मागे राहिलेल्यांनी निवडलेलं असतं. ओट्झी वाटेतच मेला, डाव्या खांद्यात बाण घुसून. म्हणून त्याच्याजवळचं सगळं म्हणजे एका चालत्या माणसाने स्वतःच्या गरजेसाठी बाळगलेलं सामान. हे भाग्य अभ्यासकांना क्वचित लाभतं.

आधी विस्तव बघू. भूर्जाच्या सालीचे दोन डबे त्याच्याकडे होते. एकात मेपलची ताजी तोडलेली पानं आणि कोळशाचे कण. निखारे पानांत गुंडाळून तो विस्तव बरोबर नेत असणार. शिवाय कमरेच्या पिशवीत झाडाच्या खोडावर वाढणारी अळंबी होती आणि तिच्यावर पायराइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण. निखारा विझलाच, तर पायराइटवर गारेचा दगड मारायचा आणि ठिणगी त्या अळंबीच्या भुशावर झेलायची. आपल्याकडेही काडेपेटी घरोघर पोचण्याआधी रात्री निखारा राखेत पुरून ठेवत, आणि सकाळी तो विझलेला निघाला तर शेजारून विस्तव आणत. चकमक आणि कापूस घरात असायचा, पण रोज ठिणग्या पाडत कोण बसणार? आज शिबिरांत मुलं लाकडावर लाकूड घासून तळहातांना फोड आणतात. जरूर घासा. पण निखारा पडला की टाळ्या वाजवून सगळे उठतात, याचं मला वाईट वाटतं. तो निखारा चार तास जिवंत कसा ठेवाल? हवा जास्त मिळाली तर भराभर जळून जातो, कमी पडली तर गुदमरतो. कौशल्य तिथे आहे.

दगडाचंही तेच. ओट्झीच्या गारेच्या हत्यारांचा बारकाईने केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. हत्यारं पुन्हा पुन्हा धार काढून झिजलेली होती. नवा दगड त्याला बऱ्याच दिवसांत मिळालेला नव्हता. धार काढायला त्याच्याकडे खास साधन होतं: लिंडेन झाडाच्या लाकडात शिंगाचा तुकडा ठोकलेला, दिसायला जाड पेन्सिलीसारखा. शिंगाचं टोक पात्याच्या कडेवर दाबलं की बारीक कपची सुटते. दगडावर दगड आपटून धारदार कपची काढणं लवकर जमतं. तेच पातं, त्याच्या कडेचा कोन न बिघडवता, शेवटपर्यंत वापरणं फार कठीण.

लाकडं पाहा. कुऱ्हाडीचा दांडा ‘यू’ झाडाचा, सुरीची मूठ ‘ॲश’ झाडाची, तिचं म्यान लिंडेनच्या अंतर्सालीचं. भात्यात 14 बाण, त्यांतले 12 अपुरे. 1.82 मीटरचं धनुष्यही अर्धवट तासलेलं. वाटेतही त्याचं काम चालूच होतं.

आपल्याकडे ही झाडं नाहीत, पण दख्खनच्या बेसाल्टमधून सुटलेली गार नदीपात्रांत विपुल आहे. घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांनी गारेचीच पाती काढली. तांबं होतं, पण थोडं. गार मिळाली नाही तर बाटलीचा तळ घ्या. काच वापरली म्हणून कोणी नाक मुरडू नये. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला आलेला ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा इशी बाटलीच्या काचेची अप्रतिम बाणाग्रं करत असे.

दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. कपच्या काढायला उघड्यावर बसा आणि चष्मा लावा. गारेची धूळ फुप्फुसात जाऊन कायमची राहते. आणि आपल्या कपच्या गोणीत भरून परत न्या. जुन्या वस्तीच्या जागी त्या टाकल्या, तर उद्या उत्खनन करणाऱ्याला खरं काय नि खोटं काय कळणार नाही. राखीव वनात विस्तव पेटवायला 1927 च्या वन अधिनियमानुसार बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. सराव आपल्या शेतात करा, गवत हिरवं असताना, पाणी हाताशी ठेवून.

सुरुवात कुठून करायची, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. गोवरीचा धुमसता तुकडा घ्या, मातीच्या बोळक्यात राखेवर ठेवा, वरून आणखी राख घाला आणि सकाळपासून दुपारपर्यंत बोळकं घेऊन शेतातली कामं करा. विझला तर केव्हा विझला, राख किती होती, वारा कसा होता, हे वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी राखेचा थर बदलून बघा. लाकूड घासायला त्यानंतर बसू.